बागेतल्या बाकाचे लाकूड

उघड्यावर, ऊन-पावसात बारा महिने राहणाऱ्या बाकासाठी किंवा अंगणातील मेजासाठी लाकूड कोणते निवडावे, असा प्रश्न ज्या ज्या गृहस्थांनी मला विचारला, त्यांत नगरपालिकेचे सभासद होते, देवस्थानांचे विश्वस्त होते, निवृत्तीनंतर गावाकडे घर बांधू पाहणारे मुंबईकर चाकरमानीही होते. आणि त्या सर्वांची अपेक्षा एकच असे की, मी एका शब्दात उत्तर द्यावे, तो शब्द त्यांनी कागदावर टिपून घ्यावा आणि वखारीत जाऊन उच्चारावा. तो शब्द ‘साग’ हाच असणार, अशी त्यांची मनोमन खात्री असे, आणि माझ्याकडून केवळ शिक्कामोर्तब हवे असे. मी त्यांना उलट प्रश्न विचारू लागलो, की बाक कोठे ठेवणार, झाडाखाली की मोकळ्यावर, पाय मातीत पुरणार की दगडावर टेकणार, की त्यांच्या मुद्रेवर अधीरता दिसू लागे. विचारलेल्या लाकडाची माहिती न देता हा मनुष्य जागेची चौकशी का करतो, हे त्यांना कळत नसे.

कोकणपट्टीतील एका नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात माझी उमेदीची वर्षे गेली. पूल, रस्ते आणि गटारे ही खात्याची प्रतिष्ठित कामे. बागेतील बाके, किनाऱ्यावरील आसने, धर्मशाळेच्या पडवीतील बैठका या किरकोळ सदरातील बाबी असल्यामुळे त्या आपोआप कनिष्ठाकडे, म्हणजे माझ्याकडे आल्या, आणि पुढे बढती मिळाल्यावरही, अन्य कोणास त्यांत स्वारस्य नसल्यामुळे, माझ्याकडेच राहिल्या. या कामी जे मेस्त्री मला लाभले त्यांचे घराणे मचवे बांधणाऱ्यांचे. होड्या फायबरच्या साच्यातून निघू लागल्यावर बंदरावरचे काम आटले, तेव्हा त्यांनी किकरे आणि वाकस उचलून जमिनीवरची कामे पत्करली होती. पहिल्याच कामाच्या वेळी, दफ्तरी शिरस्त्याप्रमाणे, लाकडाची जात अंदाजपत्रकात लिहिण्यासाठी मी त्यांना विचारली, तेव्हा ते म्हणाले, “सायबानु, लाकडाचा नाव मागसून सांगतंय. आदी पानी खंय रवता तां दाखवा.” आणि मला बागेत घेऊन जाऊन त्यांनी मोडलेल्या जुन्या बाकांची टोके, सांधे आणि पाय एकेक करून बोटाने दाबून दाखवले. पट्ट्यांचा मधला भाग सर्वत्र धडधाकट होता. बोट रुतत होते ते जेथे पट्टी चौकटीवर टेकते तेथे, जेथे पाय मातीत शिरतो तेथे, आणि जेथे लाकडाचे कापलेले तोंड उघडे राहिले होते तेथे.

पुढे काही पुस्तके चाळली तेव्हा त्या पाहणीमागचा कार्यकारणभाव मला स्पष्ट झाला. लाकडाला पाणी स्वतः खात नाही. त्याला खाते ती पाण्याच्या आश्रयाने वाढणारी बुरशी, आणि तिला ओल, हवा व ऊब या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. लाकडातील ओलीचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहिले, तर बुरशी तेथे बहुधा मूळ धरत नाही. उलट लाकूड पूर्णपणे पाण्याखाली असेल, तर हवेअभावी तिचा निभाव लागत नाही. विहीर बांधताना तिच्या तळाशी जांभळाच्या किंवा उंबराच्या लाकडाचे कडे घालण्याची जी जुनी रीत आहे, तिचे मर्म यातच आहे: उंबर हे जमिनीवर अगदीच क्षुद्र मानले जाणारे लाकूड पाण्याखाली पिढ्यान्‌पिढ्या चिऱ्यांचा भार सोसत राहते. आंब्याचेही तसेच. उघड्यावर ठेवलेली आंब्याची फळी थोड्याच पावसाळ्यांत भुसभुशीत होते, परंतु त्याच आंब्याचे खोड कोरून केलेली होडी, माशाच्या तेलाचे हात वरचेवर मिळत राहिले तर, खाडीत दीर्घकाळ चालते. दुसऱ्या टोकाचे उदाहरण कार्ल्याच्या चैत्यगृहाचे. तेथील छतात बसवलेल्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षे आपल्या जागी आहेत, आणि तेही ज्या मावळात पाऊस धो-धो कोसळतो त्या मावळात. कारण डोंगराच्या पोटात त्या कमानींवर पावसाचे पाणी पडतच नाही. बागेतील बाकाच्या नशिबी या दोहोंतील एकही सुरक्षित अवस्था नाही. मृगापासून हस्तापर्यंत ते भिजते, ऑक्टोबरच्या उन्हात सुकते, चैत्र-वैशाखात तापून तडकते, आणि त्या तड्यांतून पुढल्या मृगाचे पाणी आत उतरते. म्हणून ज्या लाकडाच्या अंगी ही आवर्तने सोसण्याची शक्ती आहे तेच बाहेर ठेवावे, हे खरे. पण ते आवर्तन जितके सौम्य करता येईल तितके करावे, हे त्याहून खरे.

लाकडाच्या या शक्तीची सरकारी मोजदाद देहरादून येथील वनसंशोधन संस्थेत फार पूर्वीपासून होत आली आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या आवारात निरनिराळ्या जातींच्या लाकडाचे ६० सेंटिमीटर लांबीचे व ५ सेंटिमीटर चौरस जाडीचे खुंट जमिनीत अर्धे पुरून ठेवतात, आणि वाळवी व बुरशी यांच्या हवाली केलेले हे खुंट किती महिने टिकतात याची नोंद होते. त्या मैदानाला संशोधक दफनभूमी म्हणतात, आणि सरकारी विनोद सहसा इतका नेमका नसतो. सरासरी १२० महिने किंवा अधिक टिकणारे लाकूड पहिल्या वर्गात, ६० ते १२० महिने टिकणारे दुसऱ्या वर्गात, आणि त्याहून कमी टिकणारे तिसऱ्या वर्गात गणले जाते. साग पहिल्या वर्गात आहे. आंबा आणि सावर तिसऱ्या. परंतु हे कोष्टक दाखवून मजकडे वाद घालण्यास येणाऱ्यांना मी एका गोष्टीकडे लक्ष देण्यास सांगत असे, की हे वर्ग झाडाच्या गाभ्याचे आहेत. गाभ्याभोवतीचे जे फिकट, रसवाहक लाकूड असते, ते सागाचे असो की खैराचे, टिकाऊपणाच्या बाबतीत तिसऱ्या वर्गाच्याच योग्यतेचे. झाड वयाने वाढते तसतशी आतील वर्तुळे मृत होत जातात, त्यांत तेले, राळेसारखी द्रव्ये व कषाय साठतात, आणि ही द्रव्येच वाळवीला आणि बुरशीला विषवत् होतात. बाहेरच्या थरात त्यांच्या जागी पिष्ट आणि शर्करा असते, म्हणजे किड्यांना निमंत्रणच.

म्हणूनच सागाच्या नावावर माझा विश्वास मर्यादित आहे, सागाच्या गाभ्यावर मात्र पूर्ण. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाची जी जहाजे बांधली, त्यांपैकी १८१७ साली पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ अद्याप इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे, हे मी कित्येकांना सांगितले आहे. पण ते जहाज ज्या वृक्षांतून निघाले त्यांचे घेर आणि आज वखारीत येणाऱ्या ओंडक्यांचे घेर यांत महदंतर आहे. बल्लारशाच्या आगारात आलापल्लीच्या जंगलातील मोठे ओंडके लिलावाला येतात तेव्हा त्यांच्या तोंडावर गडद सोनेरी गाभा जवळजवळ सालीपर्यंत पोचलेला दिसतो. उलट घाना आणि इक्वेडोर येथील लागवडीतून जे कोवळे ओंडके गांधीधामच्या बाजूने आपल्याकडे येतात, त्यांत पांढऱ्या लाकडाचा वाटा इतका असतो की एका फळीच्या दोन्ही कडा दोन वेगळ्या झाडांच्या वाटाव्यात. सागाची वाढ जलद झाली म्हणजे लाकूड कमकुवत झाले, असा जो सार्वत्रिक समज आहे तो मला सरसकट मान्य नाही, कारण सागाच्या बाबतीत भरभर वाढलेले लाकूड कधी कधी अधिक घट्टही निघते. दोष वेगाचा नाही, अपुऱ्या वयाचा आहे. गाभा तयार होण्यापूर्वीच झाड तोडले की त्याला साग म्हणता येते, पण पावसात ठेवता येत नाही.

वखारीतील परीक्षा ही मेस्त्रींनी मला हळूहळू शिकवली. फळीच्या पृष्ठभागाकडे न पाहता ते प्रथम तिच्या तोंडाकडे पाहत. तेथे रंग लपत नाही. काही व्यापारी पांढऱ्या कडेवर तांबूस पाणी फिरवून ती गाभ्यासारखी करतात, तेव्हा मेस्त्री रंध्याचा एक हलका हात मारण्याची परवानगी मागत, आणि परवानगी देताना वखारवाल्याने जितकी कुरकुर केली असेल तितकी त्यांची शंका बळावत असे. ताज्या रंधलेल्या सागाला जुन्या कमावलेल्या चामड्यासारखा वास येतो आणि हाताला किंचित तेलकटपणा लागतो. सागात वाळूचे सूक्ष्म अंश असतात, त्यामुळे पटाशीची धार वरचेवर लावावी लागते, याची मेस्त्री कुरकुर करीत. पण जेथे धार लौकर गेली त्या ओंडक्याविषयी त्यांचे मत उगाच चांगले होई, आणि त्यांच्या या अनुमानाला कितपत आधार आहे हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही. फळीत झाडाचा मध्यबिंदू आलेला असेल तर ती ते बाजूस काढीत, कारण ती हमखास तडकते. लाकूड आक्रसते ते सर्व दिशांनी सारखे नाही, वर्तुळांच्या रेषेत ते आरपार दिशेच्या जवळजवळ दुप्पट आक्रसते. त्यामुळे ज्या फळीच्या तोंडावर वर्तुळांच्या रेषा उभ्या दिसतात ती सरळ राहते आणि जिच्यावर त्या कमानीसारख्या पसरलेल्या असतात ती वाळताना द्रोण धरते. बाकाच्या पट्ट्यांसाठी पहिली, पाठीच्या रुंद फळीसाठीही पहिलीच. दुसरी अगदीच घ्यावी लागली तर तिचा फुगीर भाग वर करावा, म्हणजे पाणी त्यावर साचत नाही.

वाळलेपणाविषयी मला अधिक बोलले पाहिजे, कारण माझ्या अनुभवात बाके बिघडली ती बहुतांशी ओल्या लाकडामुळे. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी असू शकते. सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ते उतरेस्तोवर लाकूड आकार बदलत नाही, आणि खरा आक्रस तेथून पुढे सुरू होतो. म्हणजे ज्या ठेकेदाराने महिना-दोन महिने सावलीत ठेवलेले लाकूड आणून वाळले आहे अशी हमी दिली, त्याच्या लाकडाची परीक्षा व्हायची ती बागेत, कुसू भोकातून हलू लागल्यावर. आमच्या किनाऱ्यावर दमट हवेमुळे लाकूड एका मर्यादेखाली वाळतच नाही, आणि ते योग्यच असते. तेच लाकूड घाटावर नेले की उन्हाळ्यात ते आणखी वाळते आणि सांधे सैल पडतात. एका वर्षी देशावरील शेजारच्या नगरपालिकेने आमच्या बाकांचा नमुना मागवला, तेव्हा मेस्त्रींनी ती बाके घाटावरच जोडावीत असा आग्रह धरला, लाकूड तेथे उन्हाळाभर मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवायला लावले, आणि तेथील मुकादमाने या विलंबाबद्दल जे पत्र धाडले त्याला उत्तर देण्याची जबाबदारी अर्थातच माझ्यावर टाकली.

देशावर गेल्यामुळे मला बाभळीची ओळख झाली. कोकणी माणसाच्या लेखी बाभूळ म्हणजे सरपण. परंतु ज्या प्रदेशात बैलगाडीचे तुंबे, आरे आणि पाटे पिढ्यान्‌पिढ्या बाभळीचे होत आले, तेथील सुतारांना तिची किंमत ठाऊक होती. ओंडके काही महिने तळ्यात किंवा ओढ्यात बुडवून ठेवायचे, त्यातील रस पाण्यात निघून जाऊ द्यायचा, मग सावलीत वाळवायचे, अशी त्यांची पद्धत. पिष्ट धुऊन गेल्यामुळे पोखरणारा भुंगा त्या लाकडाकडे फिरकत नाही. असे पाणी दिलेल्या बाभळीच्या गाभ्याचे बाक देशावरच्या कोरड्या हवेत उत्तम टिकते, फक्त ते उचलायला चार माणसे लागतात आणि ते चोरीला जात नाही, हाही सार्वजनिक बागेत लहान गुण नव्हे. कोकणात ऐन आणि किंजळ यांची मला सवय होती. दोन्ही बळकट, स्वस्त आणि घरांच्या वाशांना शोभणारी. ऐन मात्र उन्हात लांबच लांब चिरतो, म्हणून त्याची जाड चौकट करावी, पातळ पट्टी कधीही करू नये. फणसाच्या गाभ्यावर माझे विशेष प्रेम आहे; त्याचा पिवळा रंग वर्ष-दोन वर्षांत तपकिरी होतो आणि वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. शिवण हलकी असूनही आकार सोडत नाही, म्हणून पडवीतल्या, छपराखालच्या आसनांसाठी ती घ्यावी. निलगिरी पिळवटते, सुरू फाटतो, बांबू पाय म्हणून मातीत रोवू नये. या तिघांविषयी याहून अधिक सांगण्याचे कारण दिसत नाही.

जुन्या वाड्यांच्या लाकडाविषयी मात्र सांगितले पाहिजे. पुण्यात वाडे पडू लागले तेव्हा त्यांच्या तुळया आणि खांब भवानी पेठेतील लाकूडबाजारात येऊ लागले. त्यांतील सागाचा गाभा शंभर-दीडशे वर्षे छपराखाली वाळलेला, आक्रस संपलेला. त्यांत आत राहिलेला एखादा खिळा करवतीचे दाते मोडतो, हा एक उपद्रव. पण मेस्त्री तुळईच्या दोन्ही टोकांचा हात-हातभर भाग मोजणीपूर्वीच कापून टाकायला लावीत, आणि विक्रेत्याशी तंटा होई तो त्यावरून. भिंतीत गेलेली ती टोके, जेथे गळक्या पागोळ्यांची ओल मुरत राहिली, तेथे त्याच तुळईचे तेच लाकूड हाताने कुस्करता येई.

जागेच्या निवडीत लोकांची सर्वांत मोठी भ्रांती सावलीसंबंधी असते. बाक वडाखाली किंवा शिरीषाखाली ठेवावे असे प्रत्येक सभासदाला वाटे, आणि बसणाऱ्याच्या दृष्टीने ते रास्तही आहे. पण पाऊस थांबल्यावरही झाड तासन्‌तास ठिबकत राहते, पाने सांध्यांत साचून कुजतात, ऊन न लागल्यामुळे शेवाळ धरते, आणि झाडाखालचे बाक मोकळ्यावरच्या बाकापेक्षा कितीतरी आधी जाते. महाबळेश्वरासारख्या ठिकाणी, जेथे चार महिने धुके आणि पाऊस यांतून लाकडाला उसंतच मिळत नाही, तेथे लाकडाची हौस फक्त बैठकीच्या पट्ट्यांपुरती ठेवावी आणि बाकी सांगाडा बिडाचा करावा, असे माझे मत आहे. किनाऱ्यावर याच्या उलट, बीड आणि लोखंड खाऱ्या हवेत झिजते. लोखंडी स्क्रूमुळे ऐन, बाभूळ यांसारख्या कषाययुक्त लाकडात काळे-निळे डाग पडतात, गंजाने भोक मोठे होते, आणि भोक मोठे झाले की पाण्याला घर मिळते. म्हणून पितळी, आणि परवडत असेल तर गंजरोधक पोलादाचे स्क्रू.

वॉर्निशाविषयी माझे मत प्रतिकूल आहे. उद्घाटनाच्या दिवशी ते झळकते, पण उन्हाने त्याचा पापुद्रा तडकला की पाणी त्याखाली शिरते आणि बाहेर पडण्याची वाट त्याच पापुद्र्याने अडवलेली असते. सागाला काही न लावता तो करडा होऊ द्यावा; ते करडेपण पृष्ठभागापुरते असते. अन्य लाकडांना जवसाचे तेल वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी द्यावे. काजूच्या टरफलाचे तेल आमच्याकडे वाळवीवर रामबाण समजतात आणि तसे ते आहेही, पण ते अंगाला लागले तर फोड येतात, म्हणून त्याचा उपयोग पायाच्या तळापुरताच. रासायनिक औषधांत तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे जे मिश्रण जगभर गेले, ते १९३३ साली देहरादूनच्या संस्थेतील सोंती कामेशन यांनी शोधले. हलक्या लाकडाला त्याने दीर्घायुष्य दिले, परंतु आर्सेनिकाच्या भीतीने अमेरिकेत घरगुती बांधकामासाठी ते २००३ अखेरीस बंद झाले, आणि जेथे लहान मुले बसून खाऊ खातात त्या बाकावर ते मला कधीच नको होते.

परवान्यांचा भाग मी थोडक्यात सांगतो. १९६४ सालच्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ यांच्या जोडीला आंबा आणि फणसही आहेत, त्यामुळे स्वतःच्या परसातील फणस तोडून बाक करू म्हणणाऱ्याला आधी अर्ज, मग पाहणी, मग वाहतुकीचा पास, अशी पायरी चढावी लागते. लोक यावर त्रागा करतात. मला मात्र अशा वेळी रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आठवते, ज्यात आरमारासाठी लाकूड आणताना रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि लोकांनी ती मुलांसारखी वाढवलेली असतात, असे बजावले आहे; जीर्ण झालेले झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, अशीही त्यात तजवीज आहे. परसातील पडलेल्या फणसाचे बाक मी आनंदाने करून दिले आहे. उभा फणस बाकासाठी तोडावा, असे मात्र मी कोणालाही सांगितले नाही.

नोकरीच्या उत्तरार्धात मी निविदेच्या मसुद्यातून ‘उत्तम प्रतीचा साग’ हे शब्द काढून टाकले आणि त्यांच्या जागी लिहू लागलो: केवळ गाभ्याचे, पांढऱ्या कडेविरहित, ओलीचे प्रमाण मीटरने १५ टक्क्यांच्या आत, पट्ट्यांमध्ये बोटभर फट, बैठकीस मागे किंचित उतार, वरच्या सर्व कडा गोल, कापलेली तोंडे तेलाने भरलेली, आणि प्रत्येक पायाखाली जांभ्या दगडाचा चौथरा, जमिनीपासून दोन इंच वर. ठेकेदारांनी पहिल्या वर्षी निविदाच भरल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी भरल्या, दर वाढवून. हिशेबतपासनिसांनी त्यावर आक्षेप नोंदवला, आणि त्यातील मुख्य मुद्दा लाकडाच्या दराचा नव्हताच: लाकडी बाकाच्या अंदाजपत्रकात दगडाचा खर्च कोणत्या आधारे धरला, असे त्यांनी विचारले होते. मी दोन पाने भरून बुरशी, केशाकर्षण आणि लाकडाची कापलेली तोंडे यांविषयी खुलासा धाडला; तो असमाधानकारक ठरून परत आला. तेव्हा पुढील वर्षापासून मी तो दगड बाकाच्या सदरातून काढून बागेच्या गवंडीकामात दाखवू लागलो, आणि त्या सदरावर मी सेवेत असेपर्यंत कोणीही आक्षेप घेतला नाही.